घरातले दोन लाल सिलिंडर

मूळव्याधीवर लिहिण्याचे मागच्या आठवड्यात कबूल केले होते. तो विषय पुढच्या खेपेस घेऊ. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. घरोघरी चकलीची भाजणी दळून आली असेल, तेलाचे डबे आले असतील. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव असा, की फटाक्यांनी भाजलेली मुले दवाखान्यात येऊ लागतात त्याच्या आठ दिवस आधीपासून फराळाच्या तेलाने भाजलेल्या बायका येऊ लागतात. फटाक्यांपासून सावध राहा, असे दरवर्षी सगळेच लिहितात. कढईबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून आज कढईबद्दल, आणि अलीकडे बऱ्याच घरांच्या भिंतींवर दिसू लागलेल्या त्या लाल अग्निशामक सिलिंडरबद्दल.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी एक कुटुंब माझ्याकडे आले. अनेक वर्षांच्या परिचयातले आहे, त्यांची परवानगी घेऊनच लिहितो. सासरे निवृत्त, स्वभावाने टापटिपीचे, औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून ठेवणारे. त्यांच्या सुनेचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता आणि डाव्या पावलावर तेलाचे थेंब उडून फोड आले होते. सासऱ्यांच्या भुवयांवर, कानांत, शर्टाच्या घड्यांत पिवळसर पांढरी पावडर होती आणि ते सारखे खोकत होते.

झाले होते असे. सूनबाई चकल्या तळत होत्या. दोन घाणे झाले आणि दारात कुरिअरवाला आला. सही करणे, सुटे पैसे शोधणे यात चार-पाच मिनिटे गेली. गॅस मोठाच राहिला होता. परत येऊन पाहतात तर कढईतून दाट धूर, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तेलाच्या पृष्ठभागावर ज्वाळा उठली. बाई घाबरल्या, पण त्यांचा हात बरोबर ठिकाणी गेला. ओट्याखालची परात त्यांनी ओढली. तेवढ्यात सासरे धावत आले, ‘सरक, सरक’ म्हणत त्यांनी भिंतीवरचा अग्निशामक काढला, पिन ओढली आणि दोन फुटांवरून थेट कढईत मारा केला.

या सिलिंडरमध्ये मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या सहा-सातपट दाब असतो. तो झोत दोन फुटांवरून पातळ, उकळत्या, पेटलेल्या तेलात शिरला. तेल जागेवर कसे राहील? ते भिंतीवर उडाले, ओट्यावर उडाले आणि बाजूला परात घेऊन उभ्या असलेल्या सुनेवर उडाले. आग क्षणभर विझलीही. पण पावडरीने खोलीत काही दिसेना, खाली गॅस चालूच होता, तेल तितकेच तापलेले होते, त्यामुळे काही सेकंदांत ते पुन्हा पेटले. सिलिंडर तोवर संपला होता. शेवटी सूनबाईंनीच चाचपडत डाव्या हाताने गॅसचे बटण बंद केले आणि भाजलेल्या उजव्या हाताने परात कढईवर सरकवली. आग विझली.

मी जखम धूत असताना सासरे म्हणाले, “डॉक्टर, सिलिंडर खराब निघाला बघा. विझली म्हणेपर्यंत पुन्हा पेटली.” मी काही बोललो नाही. ते औषध आणायला बाहेर गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, “परात माझ्या हातातच होती हो.”

सिलिंडर खराब नव्हता. ते चांगल्या बनावटीचे, काटा हिरव्यात असलेले यंत्र होते. चूक वापरण्याची होती, आणि ती एकट्या त्या गृहस्थांची नव्हती. मी चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्या कॉलनीत विक्रेत्याने रीतसर प्रात्यक्षिक दाखवले होते. मैदानात लोखंडी घमेल्यात चिंध्या आणि लाकडे पेटवली, सगळ्या पुरुष मंडळींनी आळीपाळीने सिलिंडर चालवला, फोटो निघाले. मी सूनबाईंना विचारले, “तुम्ही चालवून पाहिलात का?” त्या म्हणाल्या, “आम्ही गॅलरीतून बघितलं. आमच्याकडे चहा होता ना सगळ्यांचा.”

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. घरातली आग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात लागते. तिथे दिवसातले चार-पाच तास जी उभी असते तिला ते यंत्र कसे चालते आणि, त्याहून महत्त्वाचे, ते केव्हा चालवायचे नाही, हे कोणी सांगितलेले नसते. यंत्र एकाच्या नावावर आणि आग दुसरीच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. ही वाटणी बदलायची नसेल तर सिलिंडर घेऊच नका, असे मी हल्ली स्पष्टपणे सांगतो. त्या पैशांत एक चांगले जड झाकण येईल.

लोकांना शहाणपण शिकवायला निघालेल्या डॉक्टरने स्वतःचेही सांगावे. माझ्या दवाखान्यात कित्येक वर्षांपासून एक अग्निशामक टांगलेला आहे. कागदपत्रांसाठी तो लागतो म्हणून घेतला होता. वरील प्रसंगानंतर घरी जाण्यापूर्वी मी त्याच्याजवळ गेलो. त्याच्या तोंडावर कंपाउंडरची छत्री लटकत होती. छत्री काढून पाहिले तर तबकडीवरचा काटा लाल भागात होता, म्हणजे आतला दाब केव्हाच उतरला होता. मी तो यंत्रप्रकार आयुष्यात एकदाही हातात घेतलेला नव्हता. रुग्णांना मी दर महिन्याला रक्तदाब मोजायला सांगतो आणि माझ्या डोक्यावर टांगलेल्या सिलिंडरचा दाब सहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

आता कढईचे. तेल तापवत गेले की आधी त्यातून धूर येऊ लागतो. ही त्याची सूचना असते आणि ती बहुधा मिळतेच. तरीही तापवत राहिलो तर साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल आपले आपण पेटते, काडी लावावी लागत नाही. या पेटलेल्या तेलात पाणी टाकणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, तिथे क्षणार्धात त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. ती जागा मिळवताना ती पेटलेले तेल छतापर्यंत उडवते. एक फुलपात्र पाणीसुद्धा यासाठी पुरेसे आहे. टपकते ओले फडके टाकले तरी तोच प्रकार.

दुसरी चूक पाण्याइतकीच मोठी आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या जखमांत तीच जास्त दिसते. पेटलेली कढई सांडशीत धरून बाहेर अंगणात न्यायची. घर वाचवायचा तो प्रयत्न असतो, त्यामागची माया मला कळते. पण चालताना वारा लागून ज्वाळा उचलणाऱ्याच्याच तोंडाकडे आणि हाताकडे येते, चटका बसतो, कढई सुटते आणि सगळे तेल मांड्यांवर, पावलांवर पडते. उंबऱ्यात एखादे मूल उभे असेल तर त्याच्यावर. पेटलेली कढई जागेवरून हलवायची नाही, मग ओटा काळा झाला तरी चालेल.

करायचे ते सोपे आहे. हात पोचत असेल तर आधी गॅसचे बटण बंद. मग कढईपेक्षा मोठी धातूची परात किंवा झाकण ढालीसारखे आपल्यासमोर धरून, आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवायचे. वरून टाकायचे नाही. काचेचे झाकण नको, ते तडकते. बटणापर्यंत हात पोचत नसेल तर आधी झाकण, मग बटण किंवा खालचा रेग्युलेटर. झाकण ठेवल्यावर ते उचलून ‘विझली का’ हे पाहायचे नाही. आतले तेल तापलेलेच असते, हवा मिळाली की पुन्हा पेटते. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, त्याला हात लावू नये. आणि ही परात तळण सुरू करतानाच ओट्यावर काढून ठेवावी. झारा, चाळणी, कागद मांडतो तशी परातही मांडायची. तळताना अंगावर नायलॉनचा गाऊन किंवा लोंबती ओढणी नको. असा कपडा पेटला की वितळून कातडीला चिकटतो आणि तो सोडवताना काय होते ते इथे लिहीत नाही.

मग अग्निशामकाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. कढईची आग पडद्याला, कपाटाला लागली, देवघरात निरांजन कलंडून कापड पेटले, गादी पेटली, फ्रिजच्या मागे वायर जळू लागली, अशा वेळी तो खरा कामाचा. घरासाठी एबीसी पावडरचा, आयएसआयची खूण असलेला घ्यावा. यातले ए म्हणजे लाकूड-कापड-कागद, बी म्हणजे पेट्रोलसारखे पेटणारे द्रव, सी म्हणजे गॅस. ही पावडर विजेच्या उपकरणांवरही मारता येते. खाद्यतेलासाठी वेगळ्या ओल्या रसायनाचा अग्निशामक मिळतो, पण तो हॉटेलांच्या भटारखान्यासाठी. घरी परात बरी.

किती किलोचा घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्याआधी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला विचारा. भरलेल्या सिलिंडरचे वजन आतल्या पावडरीपेक्षा बरेच जास्त असते. सासूबाईंना तो खुंटीवरून उतरवता आला पाहिजे. आणि जागा. पुष्कळ घरांत मी पाहिले आहे, ओट्याखाली गॅसचा लाल सिलिंडर आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून हा दुसरा लाल सिलिंडर. का, तर तिथे कोपरा रिकामा होता! पहिल्याने पेट घेतला तर दुसऱ्यापर्यंत जाणार कसे? अग्निशामक शेगडीपासून दूर, बाहेर पडायच्या दाराजवळ, हाताच्या उंचीवर असावा. म्हणजे तो घ्यायला जाणारा माणूस आपोआप दाराकडे जातो.

चालवायची रीत अशी. दाराकडे पाठ करून आगीपासून सहा ते आठ फुटांवर उभे राहायचे. सिलिंडर उभा धरून पिन पिळून ओढायची, म्हणजे प्लॅस्टिकचे सील तुटते. पिन ओढताना वरचा दांडा दाबून धरू नये. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो आणि मग पिन अडकून बसते. नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही, तर बुडाशी, जिथे प्रत्यक्ष वस्तू जळते आहे तिथे रोखायचे. दांडा दाबायचा आणि अंगण झाडावे तसे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत जायचे. घरगुती सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. एवढ्यासाठी पैसे? हो, एवढ्यासाठीच. पहिल्या मिनिटातल्या, टोपलीएवढ्या आगीसाठी ते यंत्र आहे. आग तुमच्या कमरेपेक्षा उंच झाली असेल, छताला धूर साचून खाली उतरू लागला असेल किंवा एक सिलिंडर संपूनही ती विझली नसेल, तर तुमचे काम संपले. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि बंब बोलवायचा. १०१ आणि ११२ हे क्रमांक आहेतच, शिवाय नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. खेड्यातल्या वाचकांना तर सांगायलाच नको, तालुक्याहून बंब येईपर्यंत किती वेळ जातो ते.

बाहेर पडा असे मी इतके ठासून सांगतो याला डॉक्टरी कारण आहे. आगीत माणसे भाजून मरतात असे आपल्याला वाटते. त्याआधी ती धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते, पाय उचलत नाहीत, आणि ‘दागिन्यांचा डबा घेऊन येतो’ म्हणून आत गेलेला परत येत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बालके गेली. त्यांतली काही भाजली होती, पण अधिक बालके धुराने गुदमरली होती. धूर असेल तर वाकून किंवा रांगत बाहेर यावे, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. आगीतून बाहेर आलेल्या माणसाच्या नाकपुड्यांत काजळी दिसत असेल, आवाज बसला असेल, तर अंगावर एक फोड नसला तरी त्याला घरी ठेवू नका. त्याची श्वासनलिका आतून सुजू लागलेली असू शकते.

गॅसच्या आगीचा नियम जरा उलटा वाटेल. नळी किंवा रेग्युलेटरजवळ गळणारा गॅस पेटला असेल आणि तो बंद करणे शक्य असेल, तर बंद करणे हेच विझवणे. बंद करणे शक्य नसताना नुसती ज्वाळा पावडरीने विझवली तर गॅस गळतच राहतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरतो आणि पुढच्या ठिणगीला सगळी खोली एकदम घेतो. तेव्हा रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर ज्वाळा तशीच सोडून बाहेर पडावे. नुसता वास येत असेल, आग नसेल, तर दिव्याचे बटण लावूही नका, बंदही करू नका, पंखा लावू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारे उघडी आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा क्रमांक गॅसगळतीसाठी चोवीस तास आहे.

विजेच्या आगीत मेन स्विच बंद करायचा हे सर्वांना ठाऊक आहे. पण आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर इमानाने वीज पुरवतच राहतो, त्याचेही बटण बंद करावे लागते. तोवर पाण्याला हात लावू नये. विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला तर मात्र पावडरीच्या भरवशावर राहू नका. ती आग बॅटरीच्या आतून पुन्हा पुन्हा उठते. अशी स्कूटर जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नये, एवढे पथ्य पाळा.

अग्निशामकाने झालेली इजाही मी पाहिली आहे. एका मोबाइलच्या दुकानातला मुलगा तळहात पांढराफटक पडलेला घेऊन आला. काउंटरमागे धूर आला म्हणून त्याने कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक चालवला आणि पुढच्या काळ्या भोंग्याला मुठीत धरले. त्या वायूचा झोत उणे अठ्ठ्याहत्तर अंशांपर्यंत थंड असतो. आग विझवताना बर्फाने भाजला! तो भोंगा कधीही हाताने धरू नये, त्याची मूठ असते तिथे धरावा. आणि लहान बंद खोलीत हा वायू सोडल्यावर तिथे थांबू नये, तो प्राणवायूला हुसकावतो. एबीसी पावडर विषारी नाही, पण दमेकऱ्याला ती सोसत नाही. वापरल्यावर खिडक्या उघडा, मुले आणि दम्याचे रुग्ण बाहेर काढा, डोळ्यांत गेली तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. उघडे अन्न फेकून द्यावे. त्या दिवशी दोन डबे चकल्या झटकून ठेवायच्या की काय, असा प्रश्न मला विचारण्यात आला होता. नाही. झटकूनही नाही.

आता भाजल्यावर काय करावे, हे लिहिल्याशिवाय माझ्यातला डॉक्टर गप्प बसणार नाही. नळाचे साधे गार पाणी, वाहते, पूर्ण वीस मिनिटे. घड्याळ लावून. दोन मिनिटांनी ‘आता बरे वाटते’ म्हणून थांबायचे नाही. नळाला पाणी नसेल तर बादलीतले स्वच्छ पाणी तांब्याने ओतत राहा. भाजून वेळ गेला असला तरी पहिल्या तीन तासांत याचा फायदा होतो. बर्फ नको, त्याने कातडीचे आणखी नुकसान होते. खूप मोठा भाग भाजला असेल किंवा लहान मूल असेल तर अंग गारठू देऊ नये, बाकीचे शरीर पांघरुणात ठेवावे. पाणी चालू असतानाच अंगठ्या, बांगड्या, पाटल्या काढाव्यात. तासाभरात हात सुजला की पाटली निघत नाही आणि मग ती कापावी लागते. सोन्यापायी बोट गमावू नये. नंतर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल गुंडाळून या.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक यांपैकी काहीही लावू नका. उष्णता आत कोंडते, जंतू वाढतात आणि जखम किती खोल आहे हे मला दिसत नाही. वाळलेली टूथपेस्ट खरवडून काढताना पेशंट जेवढा ओरडतो तेवढा भाजतानाही ओरडला नसेल. इतके सांगूनही दर दिवाळीत दोन-तीन हात पांढरेशुभ्र, पुदिन्याचा वास मारत येतातच. फोड फोडू नका. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघ भाजली असेल, तर घरगुती उपचार नकोत. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. कपडे पेटले तर पळू नये. जागेवर आडवे व्हावे, चेहरा हातांनी झाकून लोळावे. जवळच्याने सतरंजी, गोधडी टाकावी.

मी इंटर्न होतो ते रॉकेलच्या स्टोव्हचे दिवस होते, १९९० चे दशक. जळीत कक्षात खाटा पुरत नसत, आणि खाटांवर बहुतेक तरुण बायका. त्यांतले सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, हे आम्हाला कळत असे, पण जबाबात स्टोव्हच लिहिला जाई. तो वॉर्ड मी विसरू शकत नाही. गॅस गावोगाव पोचला, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, स्टोव्ह माळ्यावर गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण शेगडी बदलली तरी तिच्यापुढे उभी राहणारी तीच आहे.

म्हणून नगरपालिकेला आणि कॉलन्यांच्या कार्यकारिणींना एक सूचना. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तिथे गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. प्रात्यक्षिके त्या आठवड्यात होतात, शाळेच्या मैदानावर, भर उन्हात, पाहुण्यांच्या भाषणांसह. ती जरूर करा. पण एक प्रात्यक्षिक दिवाळीच्या आधी बचत गटांच्या बैठकीत करा, एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करा. घमेल्यातल्या चिंध्या नकोत. जवानांच्या देखरेखीखाली खरी कढई पेटवून ती परातीने विझवून दाखवा. चहा त्या दिवशी पुरुषांनी करावा.

सिलिंडरची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, आणि काटा हिरव्यात आहे की नाही हे महिन्यातून एकदा घरच्यांनीच पाहावे. भरायला द्यायची वेळ येते तेव्हा बरेच जण तो तसाच दुकानदाराच्या हवाली करतात. देऊ नका. दाब शिल्लक असेल तर आधी मोकळ्या जागी नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, घरच्यांना चालवायला द्या. मी दवाखान्यासाठी नवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, पुन्हा भरायला देण्याआधी, तो गावाबाहेरच्या पडीक शेतात नेला. बरोबर आमची मंडळी, दवाखान्यातली नर्स आणि कंपाउंडर. पहिल्यांदा सौभाग्यवतींच्या हातात दिला. त्यांनी पिन ओढली, ती हलेना, कारण दुसऱ्या हाताने दांडा दाबून धरला होता. तिसऱ्या प्रयत्नात जमले. मग मी चालवला, तर नर्सबाई म्हणाल्या, “सर, तुम्ही वरच मारताय, बुडाशी मारा.” सूनबाईंच्या सासऱ्यांनाही मी बोलावले होते. ते बाजूला उभे राहून पाहत होते आणि त्यांच्या हातात, कोणी न सांगता घरून आणलेली, परात होती.

मूळव्याधीविषयी पुढच्या आठवड्यात.